डायलिसिसच्या घरी येणारा ‘निधी मंजूर झाला’ हा फोन

माझ्या मोठ्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे त्याचे पैसे लागत नाहीत, पण बाहेरून आणायची औषधं, रिक्षाभाडं आणि त्या दिवशी बुडणारी वहिनींची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. नेमकं हे ओळखून गंडा घालणारे लोक आहेत.

नातेवाइकांनी मदतीचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरवला होता. त्यात भावाचं नाव, आजार, हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि वहिनींचा नंबर होता. मग फोन आला. “ताई, मुख्यमंत्री सहायता निधीतून तुमचे तीन लाख मंजूर झालेत, फाइल फक्त सहीला अडकलीय.” बोलणं इतकं आपुलकीचं, की दादांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे हेही त्याने विचारलं. मंजुरीचं पत्र आलं, त्यावर राजमुद्रा होती. आधी फाइल चार्ज, मग टॅक्स. एक भरलं की दुसरं निघायचं. शेवटी ‘आयुष्मान कार्ड’ नावाची फाइल पाठवून ती उघडायला सांगितली. ते एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये बसणारं ॲप होतं. वहिनींनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, तरी ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांसाठी साठवलेले 62 हजार खात्यातून गेले. फोनवर येणारे सगळे मेसेज ते ॲप परस्पर पुढे पाठवत होतं.

वहिनी शिकलेल्या नाहीत म्हणून हे झालं, असं काही जण म्हणाले. मला ते अजिबात पटत नाही. महिनोन्‌महिने सरकारी मदतीची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘मंजूर’ हा शब्द ऐकायला मिळाला, तर तो विश्वास ठेवणारच.

खरी पद्धत अशी आहे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जाला शुल्क नाही आणि मंजूर रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते. आयुष्मान भारत आणि जनआरोग्य योजनाही कॅशलेस आहेत. त्यामुळे उपचाराचे लाखो रुपये ‘तुमच्या खात्यात टाकतो’ म्हणणारा माणूस तिथेच खोटा ठरतो. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस बसतो, त्याला विचारायला पैसे पडत नाहीत. फोनवर खात्री करायची तर जनआरोग्य योजनेसाठी 155388 आणि आयुष्मानसाठी 14555.

डायलिसिस वॉर्डातल्या दुसऱ्या एका कुटुंबाकडून एजंटाने ‘किडनीचं अपंग प्रमाणपत्र काढून देतो’ म्हणून पैसे उकळले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन्स त्यात आहेत. किडनी निकामी होणं नाही. ज्यांचा आजार यादीत आहे, त्यांनाही यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज मोफत करता येतो.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण उशिरा. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, कारण समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. आमची थोडीच रक्कम अडकली, ती सुटायची आहे. तुमच्या घरचा असा मेसेज फिरत असेल, तर त्यातला रुग्णाच्या जवळच्या माणसाचा नंबर आधी काढायला सांगा. फोन घ्यायला घरातला दुसरा, जरा शांत डोक्याचा कुणीतरी नेमा.