पीएलए, पीबीएटी की पीएचए? कुजणारं प्लास्टिक घेण्याआधी

आमच्या बाल्कनीतल्या खताच्या ड्रममध्ये मी एकदा कोल्ड कॉफीचा पारदर्शक ग्लास टाकला. त्यावर हिरवं पान छापलेलं होतं आणि ‘मक्यापासून बनवलेला’ असंही लिहिलं होतं. केळीची सालं आणि चहाचा चोथा दीड-दोन महिन्यांत काळेभोर झाले. आठ महिन्यांनी ड्रम रिकामा केला तेव्हा ग्लास जसाच्या तसा निघाला. धुतला असता तर पुन्हा सरबत प्यायला चालला असता.

ग्लासावर लिहिलेलं खोटं नव्हतं, मी टाकलेली जागा चुकली होती. तो पीएलएचा, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचा होता. दह्याला आंबटपणा देणारं लॅक्टिक आम्लच इथे कडीला कडी जोडून लांब साखळी बनतं. बाजारातली बहुतेक कुजणारी प्लास्टिकं अशीच पॉलिएस्टर असतात. साडीतलं पॉलिएस्टरही याच कुळातलं, पण त्याची बांधणी अशी घट्ट की मातीतल्या जिवाणूंचं त्यापुढे फारसं काही चालत नाही. कुजणाऱ्या पॉलिएस्टरची साखळी पाण्याने किंवा जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) तुटते आणि मग ते तुकडे जिवाणू खातात. पीएलएच्या बाबतीत सुरुवातीचं तोडकाम जवळजवळ सगळं पाण्यावरच येतं, आणि साधारण ५५-६० अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या साखळ्या ताठ असल्यामुळे पाण्याचाही आत नीट शिरकाव होत नाही. माझा ड्रम हाताला कोमट लागतो, एवढंच. मोठ्या खतप्रकल्पात ढीग आपोआप ५५-६५ अंशांपर्यंत तापतो आणि तिथे हाच ग्लास काही महिन्यांत नाहीसा होतो. थंड मातीत किंवा समुद्रात तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.

म्हणून पीएलए घ्यायचं तर आधी एका गोष्टीची खात्री करा: तुमचा ओला कचरा तापणाऱ्या ढिगात जातो का, आणि तो प्रकल्प असे ग्लास घेतो का? बरेच प्रकल्प हाताने निवडून बाजूला काढतात, कारण साध्या प्लास्टिकपासून ते वेगळे ओळखायचे कसे? उलट बाजूनेही तोच घोळ. पीएलएची बाटली ‘पेट’ (PET) या नेहमीच्या पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकात मिसळली की पुनर्वापराचा माल बिघडतो. पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे तरंगवून वेगळं करण्याची सोय इथे उपयोगी पडत नाही.

पीबीएटी हे दुसरं कुजणारं पॉलिएस्टर, त्याचं थोडं वेगळं. मऊ, ताणली जाणारी ‘कंपोस्टेबल’ कॅरीबॅग हातात आली तर ती बहुतेक वेळा पीबीएटीत स्टार्च किंवा पीएलए मिसळून केलेली असते. पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून बनतं. म्हणजे एकीकडे मक्याचा ग्लास घरच्या खतात कुजत नाही आणि दुसरीकडे तेलाचं पीबीएटी मातीत हळूहळू का होईना, कुजू शकतं! २०१८ साली झुरिकच्या संशोधकांनी पीबीएटीतल्या कार्बनला खूण करून ते मातीत ठेवलं. सहा आठवड्यांत तो खुणेचा कार्बन बुरशीच्या तंतूंत आणि जिवाणूंच्या शरीरात सापडला. प्लास्टिकचे नुसते बारीक तुकडे झाले नाहीत, ते खरोखर खाल्लं गेलं, हे त्यातून दिसलं.

त्यामुळे पीबीएटीची खरी जागा शेत. कलिंगडाला किंवा भाजीला मल्चिंग पेपर (वाफा झाकणारी प्लास्टिकची पातळ फिल्म) अंथरणाऱ्याला हंगाम संपल्यावरची कटकट माहीत आहे: चिखलाने माखलेला पॉलिथिनचा पेपर उपटायचा, बांधावर ढीग लावायचा आणि पुढे तो बहुतेक जाळला जातो. कुजणारा पेपर नांगरून मातीत मिसळता येतो. अशा पेपरसाठीच्या ईएन १७०३३ या युरोपीय मानकात मातीत २ वर्षांत ९०% विघटनाची अट आहे, पण ती चाचणी २५ अंशांच्या आसपास, प्रयोगशाळेत होते. पेपर महाग असतो आणि काठ जिथे मातीत दाबलेले असतात तिथे तो आधी फाटतो. दोन-अडीच महिन्यांच्या पिकाला मी तो घेईन. सहा-सात महिने वाफ्यात राहणाऱ्या स्ट्रॉबेरीला घेताना दोनदा विचार करीन.

तिसरं पीएचए, ते मात्र जिवाणूच बनवतात. आपण चरबी साठवतो तसं ते पोटात साठवून ठेवतात. पॅरिसमध्ये मॉरिस लेमॉन्य यांनी १९२६ च्या सुमारास ते ओळखलं. ज्यांचं अन्न त्यांनाच परत, म्हणून ते मातीत, गोड्या पाण्यात आणि समुद्रातही कुजतं. पातळ फिल्म काही महिन्यांत जाते, जाड वस्तूला वर्षं लागतात. किनाऱ्यावर किंवा होडीवर वापरायच्या वस्तूंसाठी तिघांत हेच बरं, फक्त किंमत ऐकून माणूस गप्प होतो. बायोगॅसच्या टाकीतही ते चांगलं कुजतं आणि मिथेन देतं, तिथे पीबीएटी जवळपास तसंच राहतं. पण डम्पिंग ग्राउंडवर हाच गुण अंगाशी येतो, कारण तिथला मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा वायू, हवेत सुटतो.

पिशवीवरचा शिक्का वाचताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडे कंपोस्टेबल पिशवीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते आयएस १७०८८ या मानकावर मिळतं. त्यातली कुजण्याची चाचणी ५८ अंशांच्या खतात असते. म्हणजे शिक्का खरा असला तरी तो तापलेल्या ढिगापुरताच. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१९ मध्ये पिशव्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष दिले. त्यातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात ३ महिन्यांत गायब झाली, पण मातीत पुरलेली २७ महिन्यांनीही सापडली. वजन मात्र तिला पेललं नाही. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली दुसरी एक पिशवी मातीत आणि समुद्रात ३ वर्षं राहूनही बाजारहाट आणण्याइतकी धड होती. नुसता ‘बायोडिग्रेडेबल’ शब्द दिसला आणि प्रमाणपत्राचा क्रमांक नसला, तर मी ती पिशवी दुकानदाराला परत देतो.

घरच्या ओल्या कचऱ्याच्या डब्याला अस्तर म्हणून यातलं काहीच विकत आणत नाही. वर्तमानपत्राची घडी पुरते, रद्दीवाला तेवढा कुरकुरतो.