युद्ध स्मारक, पुणे कॅम्प: मिग-२३ समोर थोडं जास्त थांबा

घोरपडीजवळच्या दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात फोटो काढून लगेच निघू नका. मिग-२३ बीएनपाशी उभं राहून एकच प्रश्न विचारा: खालच्या तोफेवरच्या जवानाला हे विमान आपलं आहे हे कळायचं कसं?

रडार सांकेतिक प्रश्न पाठवतं, विमानातलं यंत्र उत्तर देतं. उत्तर आलं नाही तर अर्थ फक्त ‘अनोळखी’. घाईत त्याचा ‘शत्रू’ होतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. दलाचे ६ जण आणि एक नागरिक गेले. १० डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या खुलनाजवळ ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे आपल्या बाजूनं लढणाऱ्या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौकांवर आपल्याच विमानांनी हल्ला केला. ओळखीसाठी पिवळं कापड पसरलेलं होतं, तरीही.

सोबत निवृत्त फौजी असेल तर फारच उत्तम. या विषयावरचे त्यांचे विनोद काळे असतात. दचकू नका, निष्ठुरही समजू नका; सोबत्याच्या हातून गेलेल्या सोबत्याबद्दल बोलायची अनेकांकडे तेवढीच वाट असते. आपण हसायची घाई करू नये, पुढचं वाक्य येऊ द्यावं.

मुलांना ‘आयएनएस त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृतीही दाखवा. स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलंय. जरूर जा.