मोठी सेडान, दुसरा मालक: अकरा महिन्यांनंतर

घेतली तेव्हा गाडी नऊ वर्षांची होती, ८२ हजार किलोमीटर पळालेली. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. अकरा महिन्यांत मी आणखी १४ हजारांची भर घातली. इंजिनबद्दल लिहायला फारसं काही नाही. ऑइल, फिल्टर, संपलं. घेताना जो तो सांगत होता, "इंजिन नीट बघून घे." बघितलं. त्यापेक्षा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी कशी दिसते, ते बघायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुढचा डावा कोपरा पार चाकावर टेकलेला. "बाबा, गाडी गुडघ्यावर बसली," मुलगी म्हणाली. चालू केली की थोड्या वेळात पुन्हा सरळ उभी, म्हणून मी दोन आठवडे काणाडोळा केला. तो महागात पडला. एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात. रबराला घडीच्या जागी बारीक चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तापून जळतो. दुखणं फुग्याचं, जीव गेला कॉम्प्रेसरचा. मेकॅनिकने साबणाचं पाणी मारलं तेव्हा बुडबुडे लगेच दिसले. हे मला पहिल्याच दिवशी घरी करता आलं असतं. कॉम्प्रेसरबरोबर त्याचा रिलेही, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, बदलून घ्या. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर नवा कॉम्प्रेसरही थांबायचं नाव घेत नाही. आणि पंक्चर काढताना आधी जॅक मोड चालू करा, नाहीतर जॅकवर असतानाच गाडी स्वतःची उंची सावरायला बघते.

हे सगळं धड असतं तेव्हा मात्र गाडी घेतल्याचं सार्थक वाटतं. खड्डा दिसतो, ऐकू येतो, पण कमरेपर्यंत पोचत नाही. दुहेरी काचांमुळे बाहेरचा हॉर्न शेजारच्या गल्लीतला वाटतो. मागच्या सीटवर आईचे पाय पूर्ण सरळ होतात, आणि दार नुसतं टेकवलं की ते स्वतःच ओढून घट्ट बसतं. सीटच्या मसाजचं मला पहिले चार दिवस अप्रूप होतं. आता आठवतही नाही. सीटमधून येणारी गार हवा मात्र रोज लागते. स्क्रीनवरचा नकाशा इतका जुना आहे की नव्या पुलावरून जाताना गाडी आपल्याला पाण्यात दाखवते.

या वर्गातल्या गाड्यांत नवी गोष्ट आधी येते. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं, छोट्या गाड्यांपर्यंत खूप नंतर उतरलं. ऐकायला छान वाटतं, पण दुसऱ्या मालकाच्या वाट्याला त्या नवलाईचं म्हातारपण येतं.

बॅटरीचंच घ्या. चार दिवस उभी राहिली की गाडी मरायची. बॅटरी बदलली, तरी तेच. कारणं दोन निघाली. नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करायला हवी होती. ती केली नाही तर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते. दुसरं कारण मी स्वतः. कीलेस किल्ली गाडीला लागून असलेल्या भिंतीवर टांगायचो, त्यामुळे गाडी धड झोपतच नव्हती. किल्ली आतल्या खोलीत गेली आणि प्रश्न मिटला.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आत कुबट वास यायला लागला. मी एसीला दोष दिला. गालिचा दाबला तर बोटं ओली. सनरूफभोवतीचं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं, त्यातली एक पानांच्या चुऱ्याने तुंबली होती. गालिच्याखाली वायरिंग आणि कंट्रोल युनिट असतात, त्यामुळे हा वास हलक्यात घेऊ नका. नळी नायलॉनच्या तारेने हळूहळू मोकळी केली. जोराची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटू शकते.

गिअरबॉक्सबद्दल विकणारा ठामपणे म्हणाला होता, "यातलं ऑइल बदलावं लागत नाही." आठ गिअरचे बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. मी बदललं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला हलका झटका गेला.

शहरात दहाच्या आसपास ॲव्हरेज, लांबच्या रस्त्याला पंधरा. रोज तीन किलोमीटरच जायचं असेल तर ही गाडी घेऊ नका. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला एक्झॉस्ट पुरेसा तापावा लागतो. मी आठवड्यातून एकदा मुद्दाम हायवेला नेतो. निमित्तच हवं असतं म्हणा.

मागच्या काचेचा पडदा अजून अर्ध्यावर अडकलाय. त्याच्या मोटरमधलं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलंय, आणि ते सुटं मिळत नाही, पूर्ण जोडणीच घ्यावी लागते. तोवर आई निघण्याआधी ऊन कुठल्या बाजूला येणार ते विचारते आणि दुसऱ्या बाजूला बसते.