पुरस्काराला नाव कुणाचं: नेत्याचं की खेळाडूचं?

खेलरत्न हा देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार १९९१-९२ मध्ये सुरू झाला तो राजीव गांधींच्या नावाने. ऑगस्ट २०२१ मध्ये तो मेजर ध्यानचंदांच्या नावाचा झाला. मला हा बदल मनापासून पटतो. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं मिळवलेल्या माणसाचं नाव घेतलं की थेट हॉकीच डोळ्यांसमोर येते. नेत्याचं नाव आलं की बोलणं राजकारणाकडे वळतं आणि खेळाडू बाजूलाच राहतो.

पण आमच्या कोल्हापुरात पुरस्काराला नाव द्यायचं तर हा नियम सरसकट लावता येत नाही. शाहू महाराज राज्यकर्ते खरे, पण त्यांनी पैलवान पोसले, खासबागचं कुस्ती मैदान उभारलं. मधोमध कुस्तीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. पार मागे बसलेल्यालाही डाव दिसतो. त्यांचं नाव कुठल्याही क्रीडा पुरस्काराला शोभेल.

तरीही एकच निवडायचं तर माझं मत पैलवान खाशाबा जाधवांना. गाव कराडजवळचं गोळेश्वर, शिक्षण इथल्या राजाराम कॉलेजात, १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्यपदक. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. अर्जुन पुरस्कार मात्र खाशाबांना मरणोत्तर मिळाला. त्यांच्या नावाची ढाल तालमीतल्या पोराच्या हातात पडली, तर खाशाबा कोण हे त्याला वस्तादच सांगतील.