‘ब्लॅक मिथ: वूकाँग’: आठ महिने खेळल्यानंतर नवख्यांसाठी काही अनुभव

२० ऑगस्ट २०२४ रोजी आलेला, ‘गेम सायन्स’ या चिनी स्टुडिओचा हा गेम मी त्या वर्षी दिवाळीनंतर घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात संपवला. त्याआधी क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यतींपलीकडे मी काही खेळलो नव्हतो, त्यामुळे हे लिखाण माझ्यासारख्याच नवख्यांसाठी आहे. मुरलेल्या खेळाडूंना यात नवे काही सापडणार नाही.

गेमचा आधार सोळाव्या शतकातील चिनी कादंबरीतल्या सुन वूकाँग या वानरवीराची कथा आहे, मात्र आपण खुद्द वूकाँग नसून त्याचे अवशेष शोधत निघालेले दुसरेच वानर असतो. माझा भाचा त्याला सरळ ‘मारुती’ म्हणतो. मला मात्र रामटेकच्या गडावरची वानरे आठवतात: हातातल्या प्रसादाच्या पिशवीवर नजर ठेवून ती निवांत बसलेली असतात आणि आपली मान वळली रे वळली की झडप घालतात. हा गेमही तसाच खेळावा लागतो, हे कळायला मला जवळजवळ महिना लागला.

पहिल्याच प्रकरणात, जंगलातल्या सुरुवातीच्या श्राइनपासून (विसावा घेण्याची व मेल्यावर पुन्हा सुरुवात करण्याची जागा) जवळच, ‘वॉन्डरिंग वाइट’ नावाचे प्रचंड डोक्याचे भूत फिरत असते. त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे गृहीत धरून मी तीन संध्याकाळी घालवल्या. वास्तविक त्याच्याशी लढणे ऐच्छिक आहे. त्याला बाजूला ठेवून पुढे जावे, ग्वांगझी या शत्रूला हरवून त्याचे रूप (काही वेळ त्याच्यासारखे होऊन लढण्याची शक्ती) मिळवावे आणि मग परत यावे. मेल्यावर अनुभवगुण किंवा ‘विल’ हे चलन कमी होत नाही, त्यामुळे हरण्याची किंमत श्राइनपासून पुन्हा चालत येणे एवढीच असते. ‘स्पार्क’ म्हणजे कौशल्ये वाढवण्यासाठी मिळणारे गुणही श्राइनवर कधीही फुकट मागे घेऊन वेगळ्या कौशल्यांत घालता येतात. मी ते चुकतील या भीतीने उगाच साठवून ठेवले होते.

लढताना माझी खोड एकच होती: शत्रूने हात उगारला की घाबरून दोनदा-तीनदा गोलांटी मारायची. त्यात दम संपतो आणि खरा वार नेमका तेव्हा बसतो. ग्वांगझीची पेटती दुधारी पाती फिरू लागली, की पहिल्या दोन-तीन झुंजींत वार करूच नयेत, त्याची मालिका कुठे संपते एवढेच पाहावे. अगदी ऐन वेळी वार चुकवला की मागे आपली छाया उरते, आणि तो क्षण एकदा हाताला सापडला की लढाईचा ताल कळू लागतो. ‘इमोबिलाइझ’ मंत्राने शत्रू काही क्षण जागीच गोठतो. तो क्षण मात्र औषध पिण्यासाठी वापरावा की चार्ज केलेला जड वार करण्यासाठी, हे आधी ठरवलेले बरे.

पहिल्या प्रकरणातल्या तीनही घंटा वाजवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्यांतून उघडणाऱ्या जुन्या मंदिरातले अग्निरोधक वस्त्र प्रकरणाच्या अखेरच्या आगीत फार उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकरणात हाच न्याय ‘विंड टेमर’ या वस्तूला लागू होतो, वाळूच्या वादळाने भंडावून सोडणारा येलो विंड सेज हा शत्रू तिच्यामुळे आवाक्यात येतो. वाटा शोधताना अदृश्य भिंती आडव्या येतात आणि तेव्हा चिडचिड होते, हेही सांगितले पाहिजे. अडचणीची पातळी कमी करण्याची सोय नाही.

संगणकाबद्दल थोडेसे. १३० जीबी मोकळी जागा आणि १६ जीबी रॅम लागते, आणि एसएसडी (वेगवान साठवण) घ्यावीच. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, तेव्हा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला माझा कॅबिनेट ऐन लढाईत दोनदा बंद पडला. चूक माझीच होती. कप्प्याबाहेर काढून फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रे) ६०वर मर्यादित केल्यावर त्रास थांबला. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये, कारण ती हवा दमट असते.