हार्डडिस्क फिरतच नव्हती, मग हेड गेल्याचं कळलं कसं?

"ताई, हेड गेलंय. डेटा काढायला क्लीन रूम लागते, अजिबात धूळ नसलेली खोली. साडेअठरा हजार होतील, सहा आत्ता भरा."

हार्डडिस्क दुरुस्तीच्या दुकानातला माणूस म्हणाला आणि मी भरले. त्या हार्डडिस्कमध्ये माझ्या आत्यानं जात्यावर म्हटलेल्या ओव्या होत्या, माणदेशातल्या आमच्या घरी दोन उन्हाळ्यांच्या सुट्टीत रेकॉर्ड केलेल्या. आत्या आता नाही. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही आणि काउंटरपलीकडच्याला ते आपल्या चेहऱ्यावरून बरोबर कळतं.

डिस्क बंद पडली ती आमच्याच चुकीनं. टेबलावर ठेवायची मोठी, साडेतीन इंची डिस्क, तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. भाच्यानं घाईत लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला. पिन सारखीच असल्यामुळे तो बसलाही. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि दिवा गेला. नंतर तिचा खरा अडॅप्टर जोडला, तर अडॅप्टरवरचा हिरवा दिवा पिन डिस्कला लावली की विझायचा, काढली की पुन्हा पेटायचा. यूएसबीची केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, फरक नाही. डिस्कवर तळहात ठेवून पाहिलं, जराही थरथर नव्हती.

हे सगळं मी त्या दुकानात सांगितलं. त्यानं काही लिहून घेतलं नाही. डिस्क आत नेली आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन हेड गेल्याचं सांगितलं. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेननं '१ हार्डडिस्क, ६०००' एवढं खरडून दिलं. पैसे मी मोबाइलवरून भरले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खाजगी खात्यावर गेले. तेव्हाच थांबायला हवं होतं.

पुढे पंधरा दिवस फोन. पार्ट दिल्लीहून येतोय, पार्ट चुकीचा आला, आणि मग, "मॅडम, प्लॅटरवर, आतल्या तबकडीवर पण चरा दिसतोय, सत्तावीस हजार होतील." मी डिस्क परत मागितली. ते सहा हजार 'चेकिंग चार्ज' म्हणून ठेवून घेतले आणि डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात दिली.

आमच्या सोसायटीत टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, या कामात तीस वर्षं गेलेले. त्यांना हकीकत सांगितली, तर त्यांचा पहिला प्रश्न असा होता: "डिस्क फिरत नव्हती ना? मग हेड गेलेलं पाहिलं कुणी?"

हाच प्रश्न मला काउंटरवर सुचायला हवा होता. हेड म्हणजे फिरत्या तबकडीवर तरंगत डेटा वाचणारा भाग. ज्या डिस्कला वीजच पोचत नाही, जिची मोटरच सुरू होत नाही, तिचं हेड चांगलं की वाईट हे पाच मिनिटांत बाहेरून कुणालाही सांगता येत नाही. हेड बिघडलं की डिस्क बहुतेक वेळा फिरते आणि टकटक करत राहते. तसा आवाज आला तर मात्र वायर लगेच काढा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तिथे खरोखर क्लीन रूमचं आणि खर्चाचं काम असतं, ते प्रामाणिकपणे करणारेही आहेत.

आमची डिस्क दुकानात द्यायच्या आधी भाच्यानं प्लास्टिकची पेटी उघडून आतल्या डिस्कचे फोटो काढले होते. स्टिकर, सीरियल नंबर आणि खालचा हिरवा सर्किट बोर्ड. तो फोटो मोठा करून परत आलेल्या डिस्कशी ताडून पाहिला, तर बोर्डवर छापलेला नंबर वेगळा! डिस्क आमचीच होती, बोर्ड दुसऱ्याच कुठल्यातरी डिस्कचा बसवलेला होता. काकांनी सांगितलं की बोर्डवर एक आठ पायांची छोटी चिप असते आणि तिच्यात त्याच एका डिस्कची मापं साठवलेली असतात. नव्या बऱ्याच डिस्कमध्ये नुसता तसाच दिसणारा बोर्ड लावून भागत नाही, मूळची चिप त्यावर हलवावी लागते. आमचा बोर्ड हरवला असता तर ओव्या गेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तो फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी नाही म्हणाला. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर लावला, तेव्हा आतून बोर्ड आला. "पोरांकडून अदलाबदल झाली असेल."

झाकणाचं सील शाबूत होतं, म्हणजे डिस्क आतून कुणी उघडली नव्हती, हे आमचं नशीब. काकांनी मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचा मीटर लावला. बोर्डवर विजेच्या कनेक्टरजवळ तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे दोन काळे डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचा बोर्ड वाचवतात. १२ व्होल्टच्या डायोडवर मीटर दोन्ही बाजूंनी वाजला, म्हणजे तो शॉर्ट झालेला होता. अडॅप्टरचा दिवा का विझत होता ते तिथे कळलं. काकांनी तो डायोड काढला आणि डिस्क दुसऱ्या डॉकवर, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या स्टँडवर लावली. मोटर गुणगुणत सुरू झाली. डायोड काढलेल्या डिस्कला पुढच्या झटक्यापासून संरक्षण उरत नाही, म्हणून तिथेच बसून आधी सगळं उतरवून घेतलं. पहिली फाइल लावली, तर ओवी सुरू व्हायच्या आधी आत्या विचारते, "लागलं का गं मशीन?" काकांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही.

तुमची डिस्क बंद पडली, तर आधी अडॅप्टरवर छापलेलं आउटपुट वाचा. पिन बसली म्हणजे अडॅप्टर तोच, असं नसतं. छोट्या, अडॅप्टर नसलेल्या डिस्कला केबल आणि पोर्ट बदलून बघा, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूचा पोर्ट आणि आखूड केबल. नाहीच झालं आणि दुकानात द्यावी लागली, तर सीरियल नंबर आणि बोर्ड दोन्हींचे फोटो काढा, आणि डिस्कचा नंबर, तक्रार, तपासणीचा दर लिहिलेला कागद घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका. विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि एवढ्या रकमेला फी नाही. पैसे भरल्याची नोंद, दोन्ही बोर्डांचे फोटो आणि ते व्हिजिटिंग कार्ड तक्रारीला जोडलंय. पावती म्हणून माझ्याकडे ती पेननं खरडलेली एक ओळच आहे.