नगरचं रणगाडा संग्रहालय: अरुण खेत्रपाल यांच्यासाठी जाणार असाल तर

नगरचं (आताचं अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियम बहुतेक लोक मुलांना रणगाडे दाखवायला म्हणून गाठतात. तेवढ्यासाठीही ते उत्तमच आहे. पण सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, परमवीर चक्र (मरणोत्तर), हे नाव मनात धरून जाणाऱ्यांना इथे जे समजतं ते पुतळ्यापुढे उभं राहून समजत नाही. ते कसं पाहायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी संबंध सांगतो. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950 चा. जून 1971 मध्ये ते 17 पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा याच नगरमध्ये, आर्मर्ड कोअरच्या (चिलखती दलाच्या) शाळेत, यंग ऑफिसर्स कोर्स करत होते. कोर्स अर्धवट टाकून ते रेजिमेंटकडे रवाना झाले. संग्रहालय चालवते ती हीच संस्था, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल. त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडाही याच संस्थेने जतन केला आहे. तो पाहायचा असेल तर तिकीट काढतानाच चौकशी करा. सेंटरचा सगळा परिसर लष्करी आहे, संग्रहालयाच्या तिकिटावर सगळीकडे फिरता येत नाही.

संग्रहालय फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू झालं. पन्नासच्या आसपास गाड्या आहेत, बहुतेक उघड्यावर, झाडांच्या आवारात. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, जपानी टाइप 95, जर्मन 88 मिमी तोफ. दुसऱ्या महायुद्धाची आवड असणाऱ्याला अख्खा दिवस पुरणार नाही. आपल्या कामासाठी मात्र यांच्यावरून भरभर पुढे जावं आणि वेळ दोन गाड्यांसाठी राखावा: खेत्रपाल लढले तो सेंच्युरियन आणि समोरच्या पाकिस्तानी बाजूचा पॅटन.

सेंच्युरियन ओळखायला चूक होते ती विजयंताशी. विजयंत चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला, वजनाला बराच हलका. सेंच्युरियन सुमारे 50 टनांचा, प्रत्येक बाजूला सहा मोठी चाकं, दोन-दोनच्या जोडीने बसवलेली. फलकावरचा मार्क (गाडीची आवृत्ती) जरूर वाचा. सेंच्युरियनच्या सुरुवातीच्या मार्कवर 17 पाउंडर तोफ होती. 1971 मध्ये पूना हॉर्स लढली ती 20 पाउंडरवर, म्हणजे 84 मिमीच्या तोफेवर. समोरची नळी कोणती हे न पाहता 'हीच ती' म्हणू नये.

मग उजव्या बाजूला जा आणि टरेटकडे (तोफ बसवलेल्या फिरत्या वरच्या भागाकडे) वर पाहा. उजवीकडचं गोल झाकण कमांडरचं. त्याच्या पुढे, खालच्या अंगाला, तोफची बसतो आणि त्याला स्वतःचं झाकण नाही. त्याचा बाहेर पडायचा रस्ता कमांडरच्या जागेतून जातो. डावीकडे लोडर, तोच वायरलेसही सांभाळतो. चालक खाली, पुढच्या भागात उजवीकडे. मागे मिटिऑर इंजिन, पेट्रोलवर चालणारं. गोळा लागून गाडी पेटली की एकेका सेकंदाला काय किंमत असते, ते ही मांडणी डोळ्यांनी पाहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही. कमांडरला नीट दिसायला हवं असेल तर डोकं झाकणाबाहेर काढूनच उभं राहावं लागतं, हेही तिथेच कळतं.

आता पॅटन. एम 47 आणि एम 48 यांतला फरक सोपा: एम 47 मध्ये पाच माणसं, एम 48 मध्ये चार, कारण पुढच्या मशीनगनचा माणूस कमी केला. टरेटच्या दोन्ही कडांना कानासारखे उंचवटे दिसतील, ते अंतर मोजणाऱ्या यंत्राचे. तोफ 90 मिमी. कागदावर पॅटन सेंच्युरियनपेक्षा नवा आणि सरस. दोन्ही गाड्यांच्या मधल्या जागेत उभं राहून शंभर पावलं मोजा. खेत्रपाल यांनी शेवटचा पॅटन उडवला तो त्यांच्यापासून साधारण शंभर मीटरवर होता, असं त्या लढाईच्या वर्णनांत येतं. एवढ्या अंतरावर 84 आणि 90 मिमी यांतला फरक उरत नाही. जो आधी नेम धरतो तो वाचतो.

फलक गाडीची माहिती देतात: देश, वजन, तोफ. लढाई मात्र वाचून सोबत न्यावी लागते, आणि ही या भेटीतली खरी उणीव आहे. थोडक्यात: पाकिस्तानातल्या शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे 47 इन्फन्ट्री ब्रिगेडने 15 डिसेंबरच्या रात्री पाय रोवले. सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट करण्याचं इंजिनिअर्सचं काम संपलं नव्हतं, तरी पूना हॉर्स त्यातूनच पुढे गेली, कारण पलीकडच्या पायदळाला शत्रूच्या रणगाड्यांची चाहूल लागली होती. 16 तारखेला सकाळी जरपालजवळ धुराच्या पडद्याआडून पॅटन आले. तिथल्या आपल्या स्क्वाड्रनने (रणगाड्यांच्या तुकडीने) मदत मागितली, खेत्रपाल धावून गेले. पुढच्या हल्ल्यात तिथे आपले तीनच रणगाडे उरले. त्यांतला एक गोळा लागून निकामी झाला, दुसऱ्याची तोफ बंद पडली. फामागुस्ता पेटला तेव्हा त्यांना गाडी सोडायचा हुकूम मिळाला. तोफ अजून चालते आहे, असं सांगून ते लढत राहिले. त्या वेळी चालू असलेली तेवढी एकच तोफ होती, हे लक्षात घेतलं की त्या उत्तरात नुसता आवेश नाही, लढाईचा हिशोबही आहे हे दिसतं. वय 21. त्यांच्या गाडीतले सवार नंद सिंगही धारातीर्थी पडले. त्यांचं नाव मुलांना आवर्जून सांगा.

दालनात चिलखती दलाच्या शौर्यपदकांची माहिती आहे. तिथे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांचं नाव शोधा. तेही पूना हॉर्सचे, मुंबईत जन्मलेले, 1965 मध्ये सेंच्युरियनवरच लढताना पडले. हे दालन गाड्या पाहून झाल्यावर पाहावं. आधी पाहिलं तर नुसत्या तसबिरी वाटतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पुण्याहून साधारण 120 किलोमीटर. फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावं. वेळ आणि कॅमेऱ्याचे नियम बदलतात, निघण्याआधी विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जा, दुपारी पोलादाला हात लावता येत नाही. मुलांना गाड्यांवर चढू देऊ नका: कडा धारदार आहेत, आणि यांतल्या काही गाड्या कुणाच्या तरी शेवटच्या जागा आहेत. किमान दोन तास ठेवा. शिर्डीच्या वाटेवर अर्ध्या तासात उरकायचा बेत असेल तर दुसऱ्या दिवशी या. आणखी वेळ असेल तर जवळच भुईकोट किल्ला आहे, पण तोही लष्कराच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची खात्री करूनच तिकडे वळा.